टीव्ही डील मिळालं आणि ईसीडब्ल्यू बुडाली

तर मंडळी, २७ ऑगस्ट १९९९, शुक्रवारची रात्र. अमेरिकेत टीएनएन नावाच्या केबल चॅनेलवर ईसीडब्ल्यू या रेसलिंग कंपनीचा पहिला नॅशनल एपिसोड लागला. डील तीन वर्षांचं. आणि एप्रिल २००१ मध्ये, म्हणजे दोन वर्षंही धड झाली नव्हती, कंपनी कोर्टात दिवाळखोरीचा अर्ज घेऊन उभी. ज्या टीव्हीसाठी हे लोक इतकी वर्षं देव पाण्यात घालून बसले होते तो मिळाला आणि तिथूनच उतरती कळा लागली, तर आज हे झालं कसं ते बघूया.

आपल्याकडे तेव्हा रेसलिंग म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूएफ, म्हणजे आजची डब्ल्यूडब्ल्यूई, आणि तेही अर्धं टीव्हीवर आणि अर्धं पत्त्यांच्या कॅटमध्ये, कोणाची रँक किती यावरून मधल्या सुट्टीत मारामाऱ्या. ईसीडब्ल्यू आपल्यातल्या बऱ्याच जणांना कळली ती २००६ नंतर, जेव्हा डब्ल्यूडब्ल्यूईने तेच नाव लावून नवीन शो काढला. माझ्या मते तो डुप्लिकेट माल होता. ओरिजिनल वेगळी.

ओरिजिनल म्हणजे फिलाडेल्फिया. १९९२ ला टॉड गॉर्डनने सुरू केली, तेव्हा नाव होतं ईस्टर्न चॅम्पियनशिप रेसलिंग, वर्षभराने शो लिहायला पॉल हेमन आला, पुढे मालकही तोच. हो तोच, ब्रॉक लेसनरचा आणि रोमन रेन्सचा मॅनेजर पॉल हेमन, तेव्हा डोक्यावर केस आणि त्यावर बेसबॉलची टोपी. ऑगस्ट १९९४ मध्ये शेन डग्लसने एनडब्ल्यूए या जुन्या रेसलिंग संघटनेचा वर्ल्ड टायटल जिंकला आणि तो बेल्ट रिंगमध्येच फेकून दिला, म्हणाला हा जुनाट कारभार मला नको, आणि त्यानंतर 'ईस्टर्न'चं झालं 'एक्स्ट्रीम'.

[स्क्रीनवर: ईसीडब्ल्यू अरीनाचा बाहेरून फोटो]

हा बघा त्यांचा अरीना. अरीना म्हणायचं आपलं, मुळात बिंगो हॉल होता, साऊथ फिलाडेल्फियात, हायवेच्या पुलाला लागून. आत घडीच्या खुर्च्या, एसीच्या नावाने बोंब, आणि पब्लिक असं की काय सांगू. १९९४ ची क्लिप शोधून बघाच, कॅक्टस जॅक आणि टेरी फंक रिंगमध्ये, पब्लिककडे एक खुर्ची मागितली, एक आली, मग दुसरी आली, आणि मग सगळा हॉलच खुर्च्या फेकायला लागला, समोरची टीम खुर्च्यांच्या ढिगाखाली अक्षरशः गाडली गेली आणि माईकवरून थांबा थांबा म्हणून ओरडतायत तरी कोणी ऐकेना. हेच पब्लिक ऑगस्ट १९९५ मध्ये एडी गरेरो आणि डीन मलेंको डब्ल्यूसीडब्ल्यू या मोठ्या कंपनीत निघाले तेव्हा 'प्लीज जाऊ नका' म्हणून घसा फोडत होतं. मारामारी बघायला येणारे लोक निरोपाला रडतात, ही कमाई होती कंपनीची.

पण प्रेमाने लाईटबिल भरत नाही. पैसे यायचे तिकिटांचे, टी-शर्टांचे, व्हिडिओ कॅसेट्सचे आणि १९९७ पासून पे-पर-व्ह्यूचे, म्हणजे वेगळे पैसे भरून घरी बघायच्या शोंचे. टीव्ही होता, पण लोकल चॅनेलवर, शहरागणिक वेगळा, आणि वेळ अशी की शो लागायचा तेव्हा शहाणी माणसं झोपलेली असायची. पण मला वाटतं यातच मजा होती. रात्री दीडला चॅनेल बदलता बदलता अचानक काहीतरी भलतंच दिसतं, अंधारा हॉल, हलता कॅमेरा, कुणीतरी टेबलातून आरपार, आणि वाटतं हे आपल्याला एकट्यालाच माहितीये. प्रॉडक्शन गरीब होतं पण ते त्या वेळेला शोभून दिसायचं.

आता तेच उचलून शुक्रवारी संध्याकाळी प्राईम टाईमला ठेवा. आणि कुठे, तर टीएनएनवर. टीएनएन म्हणजे द नॅशव्हिल नेटवर्क, कंट्री म्युझिक, गाड्यांच्या रेस आणि तलावावर बसून मासे पकडणारी माणसं. त्यांना तरुण पोरं हवी होती प्रेक्षक म्हणून, म्हणून हे आणलं आणि सोबत रोलरजॅम नावाचा स्केटिंगवर धक्काबुक्कीचा शो पण लावला. एपिसोड बनवणार ईसीडब्ल्यू स्वतः. नॅशनल टीव्हीला शोभेल असा एपिसोड दर आठवड्याला द्यायचा म्हणजे लाईट, कॅमेरे, एडिटिंग, सगळंच वाढलं. नवीन टेपिंग हेमनला पसंत पडलं नाही म्हणून पहिल्याच एपिसोडमध्ये मे महिन्यातली रॉब व्हॅन डॅम विरुद्ध जेरी लिन मॅच दाखवली. मॅच एक नंबर होती, वाद नाही, पण घरात पहिल्यांदा पाहुणे आलेत आणि तुम्ही जुना अल्बम काढून बसलात असं झालं ते.

आणि नेमकं तेव्हाच माणसं गळायला लागली. डडली बॉईज ही जोडी डील सुरू होतं न होतं तोच डब्ल्यूडब्ल्यूएफला. टॅझ चॅम्पियन होता, सप्टेंबरमध्ये बेल्ट माईक ऑसमकडे देऊन तोही तिकडेच. पूर्वी पण माणसं जायची, पण तेव्हा हेमन कोपऱ्यातून कुणीतरी शोधून काढायचा आणि सहा महिन्यांत स्टार करायचा. आता दर आठवड्याला नॅशनल टीव्ही, सहा महिने कोण थांबणार.

मग आला एप्रिल २००० आणि हा किस्सा नीट ऐका, कारण असा प्रकार रेसलिंगमध्ये पुन्हा झालेला नाही. माईक ऑसम ईसीडब्ल्यूचा चॅम्पियन असताना १० एप्रिलला डब्ल्यूसीडब्ल्यूच्या नायट्रो या टीव्ही शोवर जाऊन उभा राहिला. हेमनची पळापळ, वकील, फोनाफोनी, शेवटी ठरलं की ऑसम एकदा येणार आणि बेल्ट हरून जाणार. पण हरणार कोणाशी? हेमनने फोन केला डब्ल्यूडब्ल्यूएफच्या मालकाला, व्हिन्स मॅकमॅहनला. १३ एप्रिलला इंडियानापोलिसमध्ये, ईसीडब्ल्यूच्या रिंगमध्ये, डब्ल्यूसीडब्ल्यूच्या माणसाला डब्ल्यूडब्ल्यूएफच्या टॅझने हरवलं, आणि बेल्ट कोणाचा तर ईसीडब्ल्यूचा! मॅच काही मिनिटांत आटपली. पब्लिक येडं झालं टॅझला बघून, पण विचार करा, नॅशनल टीव्हीवर असलेल्या कंपनीला स्वतःचा बेल्ट सोडवायला शेजाऱ्याकडून माणूस मागून आणावा लागला.

चॅनेलशी तर कधी पटलंच नाही. हेमनचं रडगाणं एकच, की टीएनएन आमची जाहिरात करत नाही. मग त्याने काय केलं, चॅनेललाच व्हिलन केलं! सायरस नावाचं कॅरेक्टर, डॉन कॅलिस करायचा, तो 'नेटवर्कचा माणूस' म्हणून यायचा, हिंसा बंद करा, रोलरजॅम किती छान आहे बघा, असली बडबड. म्हणजे टीएनएनवर बसून टीएनएनलाच शिव्या. बघायला धमाल, मी आजही बघतो, पण ज्याच्या ताटात जेवतोय त्याच्यावरच आठवड्याला राग काढायचा हे धंद्याच्या दृष्टीने कितपत शहाणपणाचं होतं ते तुम्हीच ठरवा.

खरी मेख पुढे आहे. त्याच उन्हाळ्यात डब्ल्यूडब्ल्यूएफने यूएसए नेटवर्क हे आपलं जुनं चॅनेल सोडून टीएनएनच्या मालकांशी, म्हणजे व्हायाकॉमशी डील केलं. यूएसए नेटवर्क कोर्टात गेलं आणि हरलं. २५ सप्टेंबर २००० पासून डब्ल्यूडब्ल्यूएफचा मुख्य शो रॉ टीएनएनवर. तेव्हा रॉचं रेटिंग ५-६ च्या घरात असायचं, केबलवर असे शो मोजकेच होते, मग ईसीडब्ल्यूची गरज कोणाला? ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात शो बंद. तीन वर्षांचं डील तेरा-चौदा महिन्यांत गुंडाळलं. रेसलिंग आपल्या चॅनेलवर चालतं का एवढंच टीएनएनला बघायचं होतं असं हेमन म्हणत आलाय, आणि मला ते पटतं, फक्त त्यात एक घाला की चांगला शो, चांगलं डील आणि वेळेवर पगार या तीन गोष्टी एकट्या हेमनने सांभाळायच्या हे कधीच जमणारं नव्हतं. क्रिएटिव्ह तोच, मालक तोच, चेकवर सही करणारा तोच, आणि शेवटी शेवटी ते चेक बाऊन्स व्हायला लागले होते.

बाकीचं पटकन सांगतो. यूएसए नेटवर्क रिकामं झालं होतं म्हणून तिथे जायचे प्रयत्न झाले, जमलं नाही. ७ जानेवारी २००१ ला न्यूयॉर्कमध्ये शेवटचा पे-पर-व्ह्यू, १३ जानेवारीला अर्कान्सासमधल्या पाईन ब्लफला शेवटचा शो. मार्चमध्ये हेमन रॉच्या कॉमेंट्री टेबलवर, म्हणजे परत टीएनएनवरच, पण व्हिन्सच्या पगारावर. आणि एप्रिलमध्ये कोर्टात जे कागद गेले त्यात देणी जवळपास ८९ लाख डॉलर आणि मालमत्ता १४ लाखांच्या आत. देणेकऱ्यांच्या यादीत त्यांचेच पैलवान आहेत, रॉब व्हॅन डॅमचे दीड लाख डॉलर, टॉमी ड्रीमरचे एक लाख. हा टॉमी ड्रीमर शेवटपर्यंत थांबला होता, त्याच्यावर वेगळा व्हिडिओ करतोय, पुढच्या आठवड्यात टाकतो.