धुऱ्यापलीकडचा शेजारी

श्रोतेहो, नमस्कार.

अर्जुनी मोरगाववरून इटियाडोह धरणाकडे निघालं, की गोठणगावच्या शिवारात धानाच्या बांध्यांपलीकडे एकदम रंगीबेरंगी पताका फडफडताना दिसतात. ही नोर्ग्येलिंग, तिबेटी लोकांची वसाहत. १९५९ मध्ये दलाई लामा भारतात आले, त्यांच्यामागून हजारो माणसं हिमालय ओलांडून आली. त्यांच्यातल्या काहींसाठी १९७२ मध्ये ही वसाहत वसली. तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. बर्फातून आलेली माणसं आपल्या झाडीपट्टीच्या उन्हात धान लावायला शिकली.

माझा एक वर्गमित्र तिथलाच. माझा जन्म जून १९८७ चा, त्याचा त्याच वर्षीच्या ऑगस्टचा. आम्ही एकाच बाकावर बसलो, प्रतापगडच्या महाशिवरात्रीच्या जत्रेत सोबत हिंडलो. दहावीनंतर एका कार्यालयात फॉर्म भरताना ‘राष्ट्रीयत्व’ या रकान्यापाशी त्याचा पेन थांबला. मला म्हणाला, “भाऊ, इथंच जन्मलो, इथलंच पाणी पेलो. मंग लिवू काय?” मी म्हटलं, भारतीय लिही. खिडकीतून फॉर्म परत आला.

त्या दिवशी मला कळलं नव्हतं, पण त्याचं सगळं दीड महिन्यावर अडलं होतं. आपल्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे २६ जानेवारी १९५० पासून ३० जून १९८७ पर्यंत भारतात जन्मलेला माणूस जन्मानेच नागरिक. आईबाप कुठले, हे विचारायचं नाही. १ जुलै १९८७ पासून आई किंवा बाप यांच्यापैकी एक तरी भारतीय असणं आवश्यक झालं. डिसेंबर २००४ पासून नियम आणखी कडक झाला. माझ्या मित्राचे आईबाप दोघंही तिबेटात जन्मलेले. त्याची मोठी बहीण १९८४ ची. एकाच घरात, एकाच चुलीवरचं जेवून दोघं वाढली. कायद्याने बहीण भारतीय आणि भाऊ परदेशी!

बहिणीलाही हे सहज मिळालं नाही. जन्माने नागरिक असलेल्या तिबेट्यांना पासपोर्ट नाकारले जात होते. २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अशाच एका तरुणीच्या बाजूने निकाल दिला. २०१४ मध्ये निवडणूक आयोगाने अशा लोकांची नावं मतदार यादीत घ्यायला सांगितलं. मग २०१७ मध्ये अट आली : पासपोर्ट हवा तर निर्वासिताची कागदपत्रं परत करा आणि वसाहत सोडा. पासपोर्टासाठी म्हाताऱ्या आईचं घर सोडायचं? मला ही अट निर्दय वाटते.

मित्राकडे आहे ती आरसी, म्हणजे परदेशी माणसाच्या नोंदणीचं पुस्तक. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, लोखंडी पेटीत, बियाण्याच्या हिशेबाच्या वहीखाली ठेवलेलं. मुदत संपायच्या आत त्याचं नूतनीकरण करावं लागतं. तारीख जवळ आली की त्याची झोप उडते. ते पुस्तक आहे तोवर त्याचं इथं राहणं कायदेशीर. त्याला मत देता येत नाही. आपल्याकडच्या पोरांसारखं तलाठी भरतीला बसता येत नाही. ज्या बांधीत तो गुडघाभर चिखलात परे रोवतो, ती बांधी त्याच्या नावावर नाही. परदेशी जायचं तर पासपोर्टाऐवजी पिवळं पुस्तक मिळतं. ते पाहून विमानतळावरचा माणूस आधी वरिष्ठाला बोलावतो.

इथं एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. आपल्याकडच्या पारधी बेड्यांवर, नाथजोग्यांच्या पालांवर कितीतरी लोकांजवळ जन्माचा दाखलाही नसतो. ते या देशाचे नागरिक आहेत. त्यांच्याजवळ कागद नाही. माझ्या मित्राजवळ कागद ढीगभर आहेत, देश नाही. तहसीलच्या खिडकीपुढे मात्र दोघंही सारखेच खाली मान घालून उभे असतात.

जगात असे देश नसलेले किमान ४४ लाख लोक नोंदले गेले आहेत. नोंद न झालेले वेगळेच. म्यानमारमधल्या रोहिंग्यांना १९८२ च्या कायद्याने असंच परकं केलं. अशा लोकांसाठी १९५४ आणि १९६१ चे दोन आंतरराष्ट्रीय करार आहेत. त्यांत आपला देश सामील नाही. तो व्हावा, असं मला मनापासून वाटतं.

तुम्ही म्हणाल, अर्ज करून नागरिकत्व घेता येतं ना? कायद्यात सोय आहे, पण द्यायचं की नाही हे सरकार ठरवतं. शिवाय त्याचा बाप जिवंत होता तोवर म्हणायचा, “ते घेतलं तर तिबेट सुटला.” त्या म्हाताऱ्याला मी काय सांगणार होतो? त्याचा डोळा शेवटपर्यंत उत्तरेकडे होता.

मित्राला आता मुलगी आहे. आपल्याच तालुक्यात जन्मली, जन्माचा दाखलाही इथलाच. तिची आईही आरसीवालीच. दिवाळीनंतर हे कुटुंब स्वेटर विकायला नागपूरला जातं. गेल्या हिवाळ्यात मी त्यांच्या दुकानावर गेलो, तर पोरगी गिऱ्हाइकाला चक्क आपल्या बोलीत सांगत होती, “काकू, हे घ्या ना वं, धुतलं तरी नाही आटत.” काकूंनी विचारलं, “तू कोणत्या गावची वं?”

पोरगी पटकन म्हणाली, “गोठणगावची.”

बाप मागे स्वेटरांच्या घड्या घालत होता. त्याचे हात थांबले. मग त्याने मान वर न करताच पुढची घडी घातली.