उद्या ट्रेक, आज पोट बिघडलं आणि गावात ओळखीचं कुणी नाही: ओआरएसची पुडी आधी नीट वाचा

नमस्कार मंडळी! पावसाळा सरला की मला एकाच धाटणीचे मेसेज यायला लागतात. ‘ताई, नाशिकला आलोय, लॉजवर एकटाच आहे. उद्या पहाटे अलंग-मदन-कुलंग या किल्ल्यांच्या ट्रेकला निघायचंय आणि संध्याकाळपासून जुलाब चालू आहेत. जाऊ का?’ या आठवड्यात असे तीन आले, म्हणून आज गोदाघाटाचा व्हिडिओ बाजूला ठेवलाय.

जाऊ नका. ताप असेल, उलट्या होत असतील, पाण्यासारखे जुलाब होत असतील तर ट्रेक नाही. विश्रांती, उकळून गार केलेलं पाणी, मऊ भात हे तुम्हाला ठाऊक आहे, त्यात वेळ घालवत नाही. शौचात रक्त दिसलं, ताप चढत गेला, पाणीही पोटात ठरेना, सात-आठ तास लघवी झाली नाही, तर डॉक्टरकडे जा. जिल्हा रुग्णालय त्र्यंबक रोडवर आहे, रिक्षावाल्याला ‘सिव्हिल’ म्हटलं की पुरे. उठवतच नसेल तर १०८ ला फोन करा.

आता ज्यासाठी बसलेय ते. (दोन पुड्या कॅमेऱ्यासमोर धरून) दोन्ही ओआरएसच्याच आहेत, म्हणजे जुलाबात गेलेलं पाणी आणि मीठ भरून काढायला पाण्यात कालवून प्यायची पावडर. ही मोठी, वीस-एकवीस ग्रॅमची, एक लिटर पाण्यासाठी. ही छोटी, चार ग्रॅमच्या आसपास, २०० मिलीसाठी, म्हणजे एका पेल्याची. मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. ते न वाचता लोक मोठी पुडी अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओततात, झाकण लावून हलवतात आणि पितात. का? तर ‘स्ट्राँग झालं की लवकर बरं वाटेल’. मंडळी, तसं होत नाही. उलट होतं.

कसं ते सांगते. आतड्यात साखर आणि मीठ जोडीने आत शोषलं जातं आणि त्यांच्या मागोमाग पाणी आत जातं. त्यासाठी दोघांचं प्रमाण जमलेलं असावं लागतं. द्रावण घट्ट झालं की आतडं शरीरातलंच पाणी ओढून घेतं, ते पातळ करायला. म्हणजे जे पाणी आत जायला हवं होतं तेच बाहेर पडतं. तुम्ही औषध म्हणून पिताय आणि जुलाब वाढताहेत.

याच कारणाने त्यात वरून ग्लुकोज पावडर घालू नका. लिंबू-सरबतासारखं गोड करू नका. खोक्यातलं फळांच्या चवीचं गोड पेय म्हणजे ओआरएस नव्हे. पुडी मिळालीच नाही तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. सपाट म्हणजे बोटाने वरचं निपटलेलं, शीग लावलेलं नाही.

१९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन संपत आलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनाबिस यांनी मीठ, साखर आणि खायचा सोडा मोजून पाण्यात कालवला आणि पिंपांतून लोकांना पाजला. तीस टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं. त्यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. ती माणसं वाचली, कारण मीठ-साखर मोजून घातली होती.

एका दादांची कमेंट होती, ‘संडास बंद करायची गोळी घ्या आणि चढा, आम्ही तेच करतो.’ दादा, गोळीने जाणं थांबतं, गेलेलं पाणी परत येत नाही. ताप असेल किंवा रक्त पडत असेल तर ती गोळी डॉक्टरांना न विचारता घ्यायचीच नाही. अलंग आणि मदनच्या पायऱ्या इंग्रजांनी सुरुंग लावून उडवल्या, तिथे आज दोर लावून कातळ चढावा लागतो. तिथे तुम्हाला चक्कर आली तर खाली दोराला धरून उभा असलेला माणूसही अडकतो.

दुसऱ्या एका कमेंटने मला खरंच वाईट वाटलं. ‘घरची आठवण येते त्यांनी ट्रेकला येऊ नये.’ मला मेसेज करणारी मुलं आधी चार ओळी पोटाबद्दल लिहितात आणि शेवटी हळूच एक ओळ येते, ‘आणि घरची खूप आठवण येतेय.’ ती शेवटची ओळ मी आधी वाचते.

डिसेंबर २०१६. मी लातूरहून एकटी आले होते, याच ट्रेकसाठी. जुन्या सीबीएस बसस्टँडजवळचं लॉज, दुसरा मजला, खिडकी स्टँडच्या बाजूला. संध्याकाळी सात वाजता पोट बिघडलं. दहाला आईचा फोन आला. म्हटलं, ‘जेवले, झोपतेय.’ खोटं बोलले. मग पुडी आणली आणि पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतली. अख्खी. रात्रभर खोली ते बाथरूम, पिंढऱ्यांत गोळे यायला लागले. खिडकीतून स्टँडवरच्या घोषणा ऐकू येत होत्या. एकदा ‘लातूर’ ऐकलं आणि मी रडत रडत सॅक भरायला घेतली. उभं राहवत नव्हतं, तरी भरत होते.

चारला आईला फोन लावला आणि खरं काय ते सांगितलं. आई अंगणवाडी सेविका. रागावली नाही, रडली नाही. पहिला प्रश्न, ‘लघवीला झाली का?’ दुसरा, ‘पुडी कशात कालवलीस?’ मी सांगितलं. ‘अगं, लिटरची पुडी आहे ती! ओत ते आधी.’

खोलीत लिटर मोजायला काहीच नव्हतं. खाली गेले तर लॉजचे काका जागे होते, दूधवाल्याची वाट बघत. त्यांनी दुधाचं लिटरचं माप विसळून दिलं, ॲल्युमिनियमचं, काठाला पोचा आलेला. आईला फोनवर ठेवूनच नवी पुडी कालवली. ती म्हणाली, घटाघटा नको, घोट घोट घे. उलटी झाली तर दहा मिनिटं थांब आणि परत सुरू कर. उजाडेपर्यंत ती लाइनवर होती. शेजारच्या काकूंच्या पोरीचं लग्न ठरल्याचं सांगत बसली. साडेसहाला लघवी झाली, तेव्हा कुठे तिने फोन ठेवला.

हेच दहाच्या फोनवर सांगितलं असतं तर रात्र वाचली असती.

मधेच, पाचच्या सुमाराला, ट्रेक लीडरला कळवलं होतं. घाबरत सांगितलं. ते एवढंच म्हणाले, ‘बरं केलंत आत्ता सांगितलंत, पायथ्याच्या आंबेवाडीत पोचून सांगितलं असतंत तर एक माणूस तुमच्यासोबत परत पाठवावा लागला असता.’ तेव्हा रात्रीच कळवा. पैसे परत मिळतील की नाही ते नंतर बघू. जानेवारीत मी पुन्हा आले आणि तिन्ही किल्ले केले.

(बाटली दाखवून) तेव्हापासून ही एक लिटरची बाटली सोबत असते. ही लाल रेघ नेलपॉलिशची आहे, मापाने पाणी ओतून आखलेली. कालवलेलं पाणी चोवीस तासांत संपलं नाही तर ओतून द्या आणि नवीन करा.

आज रात्री कुणी नाशिकच्या एखाद्या लॉजवर पोट धरून हे बघत असेल, तर पुडीच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवा, जिथे पाणी किती ते लिहिलंय. लिटरची की पेल्याची ते मी बघून सांगते. आणि घरी फोन केलात का, तेही लिहा.