औषध जखमेपर्यंत पोचलं पाहिजे

श्रोतेहो, नमस्कार. परसाकडला रक्त पडलं की आपल्याकडं तोंडात पहिला शब्द येतो मूळव्याधीचा, आणि पाय वळतात बसस्टँडासमोरच्या पाटीकडं. त्या पाट्यांनी मराठवाड्यात किती जणांची वर्षं वाया घालवली! रक्त आणि चिकट आव महिनाभर पडत असेल, तर मोठ्या आतड्याला सूज येऊन जखमा झालेल्या असू शकतात. त्याला अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतात. दुर्बिणीनं आतडं पाहून, तुकडा तपासून निदान करतात.

यावरचं नेहमीचं औषध मेसालामिन. ते कसं सापडलं, ते ऐका.

1930 नंतरच्या दशकात स्टॉकहोमला नन्ना स्वार्ट्झ नावाच्या डॉक्टरबाई सांधेवातावर औषध शोधत होत्या. सूज उतरवणारा सॅलिसिलेट आणि जंतू मारणारा सल्फा, असे दोन घटक एकत्र जोडून सल्फासलाझिन तयार झालं. शोध सांध्यांसाठी, पण गुण आला आतड्याच्या रुग्णांना. पुढं कित्येक वर्षं डॉक्टर ते देत राहिले. या जोडीतला कामाचा गडी कोणता, हे मात्र कळेना. गिळलेली जोडी मोठ्या आतड्यातले जंतू फोडतात, म्हणजे दोघं एकाच जागी सुटतात. सुटे घटक गिळायला द्यावेत, तर ते वरच्या आतड्यातच शोषले जातात.

1977 साली ऑक्सफर्डला आझाद खान, हे बांगलादेशचे, आणि ट्रूलव्ह यांच्या चमूनं सरळ खालून वाट काढली. 62 रुग्णांना एनिमा दिले, म्हणजे पातळ औषध गुदद्वारातून आत सोडलं. काहींना अख्खी जोडी, काहींना नुसता सल्फा, काहींना नुसता सॅलिसिलेट. सॅलिसिलेटवाल्यांना अख्ख्या जोडीइतकाच फायदा झाला, सल्फावाले मागं पडले. मळमळ, डोकेदुखी, अंगावर पुरळ हे त्रास बहुतांशी त्या सल्फाचेच होते. तो सॅलिसिलेट म्हणजेच आपलं मेसालामिन.

म्हणून या गोळीला कवच असतं. ती कुटू नका, चावू नका. कवच फुटलं तर औषध वरच शोषलं जातं. पुन्हा सांगते, गोळी कुटायची नाही.

जखमा गुदाशयाजवळ असतील तर गोळीच्या जोडीला एनिमा घेतल्यानं जास्त गुण येतो, हे चाचण्यांत दिसलंय. यात लाज कसली? रात्री शौचाला जाऊन या. बाटली हलवा. डाव्या कुशीवर झोपा, डावा पाय सरळ, उजवा गुडघा पोटाशी. टोकाला तेलकट मलम लावून बाटली हळूहळू दाबा; घाईनं दाबली तर कळ येऊन औषध बाहेर पडतं. अर्धा तास तसंच पडून राहा, जमलं तर रात्रभर औषध आत ठेवा.

आता हळद. वसमतच्या हळदीचा अभिमान मलाही आहे. हळदीतलं कर्क्युमिन दिल्लीच्या एम्समध्ये रोज 450 मिलिग्रॅम देऊन पाहिलं. औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा जास्त गुण आला नाही. दुसऱ्या एका चाचणीत 50 रुग्णांपैकी काहींना मेसालामिनसोबत रोज 3 ग्रॅम दिलं, तेव्हा महिन्याभरात त्यांच्यातल्या निम्म्याहून जास्त जणांचा आजार शांत झाला. पण 3 ग्रॅम कर्क्युमिनसाठी साधारण 100 ग्रॅम हळद लागेल. दुधातल्या चिमटीच्या भरवशावर औषध बंद करू नका.

आणि दिवसात सहा किंवा जास्त वेळा रक्ताचे जुलाब, सोबत ताप किंवा नाडी 90 च्या वर असेल, तर घरी एनिमा घेत बसू नका. त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात भरती व्हा.