आकडी, औषध आणि वाढता मेंदू

नमस्कार, श्रोतेहो.

पावसाळ्यात तापाची मुलं वाढतात आणि त्यातल्या काहींना तापात आकडी येते. मूल ताठ होतं, डोळे फिरवतं, हातपाय झटकू लागतं. घरात एकच धावाधाव. कुणी कांदा फोडून नाकाशी धरतं, कुणी चप्पल हुंगवतं, कुणी दातखीळ सोडवायला चमचा घुसवतं. कृपा करून यातलं काहीही करू नका. मुलाला कुशीवर वळवा, लाळ बाहेर येऊ द्या आणि आकडी किती वाजता सुरू झाली ते बघून ठेवा.

ती वेळ फार महत्त्वाची आहे. सहा महिने ते पाच वर्षं या वयात शंभरातल्या दोन ते पाच मुलांना तापाची आकडी येते. बहुतेक वेळा ती दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते आणि तिने मेंदूला इजा होत नाही. मुलाची बुद्धीही मंदावत नाही. पण पाच मिनिटं उलटली की ती आपणहून थांबण्याची शक्यता घटत जाते. अर्ध्या तासापुढे मेंदूच्या पेशी थकून मरू लागण्याची भीती असते. म्हणून पाच मिनिटं झाली की १०८ ला फोन करा आणि औषध द्या. मिडाझोलमचा नाकात मारायचा स्प्रे मिळतो. ज्या मुलाची आकडी आधी लांबली आहे, त्याच्या घरी तो असावा. किती फवारे मारायचे ते डॉक्टर मुलाच्या वजनावरून ठरवून देतात. मुंबईत दवाखाना कोपऱ्यावर असतो. आपल्याकडे राजापूर-गुहागरच्या आतल्या वाडीवरून भर पावसात तालुक्याला पोचायचं म्हणजे वेळ जातोच. त्यामुळे त्या छोट्या बाटलीची गरज शहरापेक्षा आपल्याला जास्त आहे, असं माझं ठाम मत आहे.

मग तापाची आकडी पुन्हा येऊ नये म्हणून रोज गोळी द्यावी का? साध्या आकडीसाठी नाही. फेनोबार्बिटोन, म्हणजे जुन्या लोकांच्या ओळखीची गार्डिनल, १९१२ पासून वापरात आहे. स्वस्त आणि गुणाची. पण १९९० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, तापाच्या आकडीसाठी ही गोळी दोन वर्षं दिलेल्या मुलांचा बुद्ध्यांक इतरांपेक्षा सुमारे आठ गुणांनी कमी भरला. वाढत्या मेंदूला औषधाचीही झळ लागू शकते, ती अशी.

नवजात बाळाचं गणित तर आणखी निराळं. गाबा नावाचं रसायन मोठ्यांच्या मेंदूत पेशींना शांत करतं. नवजात बाळाच्या पेशींत क्लोराइड जास्त असतं, त्यामुळे तेच रसायन त्यांना उलट चेतवू शकतं. गाबाचा जोर वाढवून काम करणारी फेनोबार्बिटोनसारखी औषधं काही बाळांत अपुरी पडतात, त्यामागचं हे एक कारण मानलं जातं. तरीही नवजात बाळाच्या आकडीवर आज पहिलं औषध तेच आहे, कारण चालू आकडी तशीच सोडणं जास्त धोक्याचं.

अपस्माराचं, म्हणजे फेफऱ्याचं, निदान झालेल्या मुलाला मात्र रोजचं औषध हवंच. देवाला गाऱ्हाणं जरूर घाला, पण गोळी चुकवू नका. ती अचानक बंद केली तर थांबवायला कठीण अशी आकडी येऊ शकते. साधारण दोन वर्षं आकडी आली नाही, की डॉक्टर हळूहळू डोस उतरवतात.

शेवटी एका आकडीबद्दल सांगायलाच हवं, कारण ती आकडी वाटतच नाही. चार-सहा महिन्यांचं बाळ झोपेतून उठल्यावर एकदम मान खाली घालतं, हात पसरतं, सैल होतं, काही सेकंदांनी पुन्हा तेच. अशी लागोपाठ माळ लागते. पोटात दुखतंय किंवा दचकतंय म्हणून घरातले गुटी देत बसतात आणि आठवडे निघून जातात. तेवढ्यात हसायला लागलेलं बाळ हसणं विसरतं. याचं औषध वेगळं आहे, स्टिरॉइड किंवा व्हिगाबॅट्रिन, आणि ते जितकं लवकर सुरू होईल तितकी बाळाची वाढ सावरण्याची आशा जास्त. असं काही दिसलं तर मोबाईलवर व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख, कुठे करायचा, ते तेच सांगतील.