जुनीच फाइल, एक ओळ जास्त

नमस्कार श्रोतेहो.

मागे एका उमेदवाराच्या आधीच्या साहेबांना मी फोन लावला होता. नंबर उमेदवारानंच अर्जात दिलेला, हुद्दा विभागप्रमुख. पलीकडून आवाज आला तो भारदस्त. हुशार आहेत, कष्टाळू आहेत, वेळेवर येतात, सगळं रीतसर सांगून झालं. मी विचारलं, "त्यांच्याकडे नेमकं काम काय होतं?" जरा शांतता. मग उत्तर आलं, "तसं दादा सगळंच बघायचा." आणि लगेच घाईघाईनं, "म्हणजे, ते सगळंच बघायचे."

हाताखालच्या पंचविशीतल्या माणसाला दादा म्हणणारा विभागप्रमुख मी तरी पाहिलेला नाही. आभार मानले आणि फोन ठेवला. खरं सांगते, राग आला नाही. त्या धाकट्या भावाची कीवच आली. बिचाऱ्यानं पाठांतर चांगलं केलं होतं, एका प्रश्नाची तयारी तेवढी राहिली होती.

नोकरभरतीच्या कामात माझी बरीच वर्षं गेली. बायोडेटा म्हणा, रेझ्युमे म्हणा, सीव्ही म्हणा, हजारोंनी हाताखालून गेले. त्यातून एक सवय लागते, नावाच्याही आधी तारखा बघायची. '२०१६ ते २०१८' असं लिहिलं की वाचणारा सहज दोन वर्षं धरतो, उदार असला तर तीन. पण माणूस डिसेंबर २०१६ मध्ये रुजू झाला आणि जानेवारी २०१८ मध्ये बाहेर पडला असेल, तर हिशेब भरतो जेमतेम १४ महिन्यांचा. यात एक अक्षर खोटं नाही. फक्त महिना गाळलाय. म्हणून आम्ही महिना विचारतो, आणि महिना विचारला की काहींच्या घशाला कोरड पडते.

एकदा एकाच अर्जाला दोन कंपन्यांचे अनुभवाचे दाखले जोडून आले. लेटरहेड वेगळी, शिक्के वेगळे, सह्या वेगळ्या. पण दोन्हींत तारखेपुढे एकाऐवजी दोन पूर्णविराम. कंपन्या दोन आणि टाइप करणारा एकच! असे दाखले विकत मिळतात, हे आता लपून राहिलेलं नाही. व्हिडिओवरच्या मुलाखतीत तर ओठ एकाचे आणि आवाज दुसऱ्याचा, असाही प्रकार चालतो. त्याबद्दल जास्त बोलत नाही. ती सरळसरळ फसवणूक आहे आणि करणाऱ्यालाही ते पुरतं ठाऊक असतं.

मला बोलायचंय ते साध्यासुध्या माणसांबद्दल. एरवी कुणाच्या पैला हात न लावणाऱ्या, पण बायोडेट्यात एखादी ओळ जास्तीची लिहिणाऱ्या. त्यांत मीही आले.

माझ्या पहिल्यावहिल्या अर्जात मी लिहिलं होतं, 'फ्रेंच भाषेचं प्राथमिक ज्ञान'. वस्तुस्थिती अशी की मी वर्गाची फी भरली, आठ तास बसले आणि नववा चुकवला तो चुकवलाच. पण 'भाषा' या शीर्षकाखाली कागद फार रिकामा दिसत होता. ती नोकरी मिळाली, फ्रेंचमुळे नव्हे. चार वर्षांनी दुसरीकडे अर्ज करताना काय केलं? जुनी फाइल उघडली, वरती नवी नोकरी घातली, खालचं सगळं तसंच राहू दिलं. तिसऱ्या वेळीही तेच.

श्रोतेहो, तुम्हीही आठवून बघा. बायोडेटा कोणी नव्यानं लिहीत नाही. जुन्यालाच वरून जोड लावत जातो. त्यामुळे बाविसाव्या वर्षी, घाबरलेल्या अवस्थेत टाकलेली एक ओळ चाळिसाव्या वर्षीही तिथंच असते. दरम्यान आपण साहेब झालेलो असतो. मग ती काढायची कशी? काढली तर कोणीतरी विचारणार, आधी होती ती कुठं गेली?

अमेरिकेत एमआयटी ही नामांकित संस्था आहे. मॅरिली जोन्स तिथं १९७९ मध्ये लागल्या आणि चढत चढत प्रवेश विभागाच्या प्रमुख झाल्या. देशोदेशीच्या मुलांचे अर्ज पारखणं हेच त्यांचं काम, आणि त्या कामात त्यांचं नावही मोठं होतं. २००७ मध्ये उघडकीस आलं की अर्जात सांगितलेल्या पदव्या त्यांच्याकडे नव्हत्याच. राजीनामा देताना त्यांनी कबुली दिली, ती मला त्या खोट्यापेक्षा जास्त बोलकी वाटते. २८ वर्षांपूर्वी पहिल्या अर्जात चुकीचं सांगितलं, आणि पुढे ते दुरुस्त करण्याचं धैर्य कधी झालंच नाही, असा तिचा आशय होता. २८ वर्षं! काम उत्तम करत असताना, रोज दुसऱ्यांचे अर्ज हातात घेताना, आपला अर्ज कुठल्या कपाटात आहे याची आठवण किती वेळा झाली असेल?

स्कॉट थॉम्पसन यांची गोष्ट आणखी विचित्र. जानेवारी २०१२ मध्ये ते याहू या इंटरनेट कंपनीचे सीईओ झाले. अधिकृत परिचयात अकाउंटिंग आणि कॉम्प्युटर सायन्स अशा दोन विषयांतली पदवी. एका मोठ्या गुंतवणूकदारानं खोदकाम केलं, तेव्हा कळलं की १९७९ ची ती पदवी फक्त अकाउंटिंगची. त्यांच्या कॉलेजात त्या काळी कॉम्प्युटर सायन्सची पदवीच नव्हती. मे महिन्यात त्यांना पायउतार व्हावं लागलं. आता बघा, इतक्या वर्षांच्या अनुभवानंतर त्यांना कॉलेजची मार्कशीट मागणार कोण होतं? त्या जादा विषयाची गरज केव्हाच संपली होती. पण ओळ जागची हलली नव्हती.

आणि जॉर्ज ओलिअरी. २००१ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठानं त्यांना अमेरिकी फुटबॉलचे मुख्य प्रशिक्षक नेमलं. न्यू हॅम्पशरमधल्या एका वार्ताहरानं कौतुकाचाच लेख लिहायला घेतला, कारण हे गृहस्थ तिथल्या विद्यापीठात शिकलेले आणि परिचयात लिहिल्याप्रमाणे तिथं खेळलेलेही. त्यानं जुन्या लोकांना फोन लावले, तर ओलिअरींना मैदानावर पाहिल्याचं कोणाला आठवेना. मग पदव्युत्तर पदवीचंही बिंग फुटलं. पाच दिवसांत नोकरी गेली. कौतुक करायला निघालेल्या माणसाच्या हातून ते उघडं पडलं, हे माझ्या मनातून जात नाही.

आता दुसरी बाजू सांगते, नाहीतर म्हणाल, बाई खुर्चीवर बसून बोलतायत. नोकरी देणारेही काही धुतल्या तांदळासारखे नसतात. तीन वर्षांपूर्वी बाजारात आलेल्या सॉफ्टवेअरचा पाच वर्षांचा अनुभव मागणाऱ्या जाहिराती मी स्वतः वाचल्या आहेत. 'भरपूर संधी' म्हणून बोलवायचं आणि आल्यावर तीन माणसांचं काम एकाच्या गळ्यात घालायचं, हेही पाहिलंय. आजारपण, बाळंतपण, घरातल्या म्हाताऱ्या माणसाची शुश्रूषा, यात गेलेल्या वर्षाला आम्ही 'गॅप' म्हणतो आणि असं काही विचारतो की उमेदवाराला चोरी केल्यासारखं वाटावं. मग तो त्या वर्षावर 'फ्रीलान्स सल्लागार' असं पांघरूण घालतो. ते पांघरूण विणायला निम्मं सूत आम्हीच पुरवलेलं असतं.

बरं, पहिली चाळणी आता बरेचदा माणूस करतच नाही, सॉफ्टवेअर करतं. ते जाहिरातीतले शब्द अर्जात शोधतं. म्हणून काही पठ्ठे अख्खी जाहिरात पांढऱ्या कागदावर पांढऱ्या अक्षरांत चिकटवून देतात. डोळ्याला दिसत नाही, यंत्राला दिसतं. कल्पना नामी आहे, मान्य. फक्त फाइल आमच्याकडे आली आणि कोणी माउसनं पान निवडलं, की ती भुतं निळ्या पट्ट्यांत उठून उभी राहतात.

मग स्वतःबद्दल चांगलं बोलूच नये का? जरूर बोलावं. लिओनार्दो दा विंचीनं १४८२ च्या सुमारास इटलीतल्या मिलानचा सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा याला लिहिलेल्या पत्राचा मसुदा आजही उपलब्ध आहे. नोकरीचाच अर्ज तो. हलके पूल, तोफा, बंद रथ, काय काय मला जमतं याची ऐटदार जंत्री, आणि चित्रकला अगदी शेवटी. तोवर त्यानं रणांगणावर असलं काही उभं केलेलं नव्हतं. तरी मी त्याला खोटारडा म्हणणार नाही. त्याचा सूर 'माझ्याकडे युक्ती आहे, मी करून दाखवीन' असा आहे. 'करीन' आणि 'केलं' यात अंतर आहे. पहिल्यात तुम्ही पैज लावता. दुसऱ्यात तुम्ही साक्ष देता. आमच्याकडे येणाऱ्या अर्जांत पैजेचं वाक्य क्वचित सापडतं. 'टीमचं नेतृत्व केलं' मात्र ढिगानं. "टीममध्ये किती जण होते?" "आम्ही दोघं."

माझ्या फ्रेंचचं काय झालं, ते राहिलंच. नोकरीच्या अकराव्या वर्षी ऑफिसात परदेशी पाहुणे आले. साहेबांनी सगळ्यांसमोर हाक मारली, "या, तुम्हाला फ्रेंच येतं ना?" मी 'बोंजूर' म्हटलं. पाहुणे खूश होऊन घडाघडा बोलू लागले आणि मी मान डोलावत उभी. शेवटी त्यांनीच ओळखलं आणि इंग्रजीवर आले. त्या रात्री फाइल उघडून ती ओळ काढली. 'भाषा'खाली तीन नावं उरली. पान पूर्वीपेक्षा काही रिकामं दिसलं नाही.

काही वर्षांनी मुलाखतीला एक तरुण आला. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाला, "मॅडम, एक मिनिट, तो कागद देता का?" खिशातलं पेन काढलं, दुसऱ्या नोकरीपुढच्या '२ वर्षे'वर काट मारली आणि बाजूला लिहिलं, '७ महिने'. हात थरथरत होता, सात जरा वाकडाच आला. म्हणाला, "एजंटनं लिहून दिलं होतं. आता विचारा."

आम्ही विचारलं. त्याला ती जागा मिळाली नाही. त्या कामाला खरोखरच दोन वर्षांचा अनुभव लागत होता. तो गेल्यावर पॅनेलवरचे एक ज्येष्ठ सहकारी बराच वेळ तो कागद हातात धरून बसले. मग मला हळूच विचारलं, "आपले स्वतःचे जुने अर्ज ऑफिसात किती वर्षं ठेवतात हो?"

नमस्कार.