गॅस संपत नाही, तो जातो

(नाशिकमध्ये पंचवटीत टॅक्सीचालक आणि गाडीमालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. बाहेर ऊन मी म्हणतंय, तरी भर दुपारी तुम्ही एवढे जण आलात. सत्तावीस वर्षं मी गाड्यांच्या एसीचं काम करतोय. उन्हाळा लागला की गॅरेजमध्ये दिवसातून दहा वेळा एकच वाक्य कानावर येतं, "एसी गार करत नाही, जरा गॅस भरून द्या." आज मला या वाक्याबद्दलच बोलायचंय, कारण त्यापायी मी लोकांचे फार पैसे वाया जाताना पाहिलेत.

आधी एसी करतो काय ते बघू. आपल्याकडे माठातलं पाणी गार कसं होतं? पाझरलेलं पाणी वाफ होऊन उडतं आणि उडताना माठातली उष्णता घेऊन जातं. एसीतही तेच घडतं. फरक एवढाच की उडालेलं पाणी माठाला परत मिळत नाही, एसीतला गॅस मात्र पुन्हा गोळा होतो. आपल्या रस्त्यावरच्या बहुतेक गाड्यांत आर-134ए गॅस आहे. मोकळ्या हवेत तो उणे 26 अंशालाच उकळतो. डॅशबोर्डच्या आत कूलिंग कॉइल असते. तिच्यात तो उकळतो, आतली उष्णता शोषतो. कॉम्प्रेसर त्याला दाबून पुढे ढकलतो आणि रेडिएटरपुढच्या कंडेन्सरमध्ये तो ती उष्णता बाहेर टाकून पुन्हा पातळ, म्हणजे द्रव होतो. म्हणजे एसी हा उष्णतेचा हमाल आहे. आतून उचलायची, बाहेर नेऊन टाकायची. गारवा कमी झाला तर हा हमाल कुठे अडलाय, ते शोधायचं.

आणि ही सगळी वाट बंद आहे. पेट्रोल जळतं तसा गॅस जळत नाही, इंजिन ऑइलसारखा जुना होऊन बदलावाही लागत नाही. वर्षानुवर्षांत रबरी होजमधून, सीलमधून थोडा झिरपतो, ते सोडा. पण गेल्या वर्षी भरलेला गॅस यंदा कमी झाला, तर तो कुठून तरी गेलाय. भोक न शोधता वरून भरणं म्हणजे गळक्या हंड्यात पाणी ओतणं.

गेल्या मे महिन्यात दिंडोरीकडचे एक बागायतदार आले. एका उन्हाळ्यात तीन ठिकाणी तीनदा गॅस भरून झाला होता. पंधरा दिवस गार, की परत भट्टी. मी म्हटलं, "काका, गाडी दोन तास ठेवा." बोनेट उघडून टॉर्च मारला. कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यात रुपयाएवढा काळपट, तेलकट डाग होता आणि त्यावर धूळ चिकटलेली. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं ऑइलही फिरत असतं. गॅस जिथून निसटतो तिथे ते ऑइल बाहेर येतं आणि धूळ धरतं. लाइनमध्ये नायट्रोजन भरला आणि साबणाचं पाणी लावलं. मोहरीएवढा बुडबुडा यायचा, हळूच फुगायचा, फुटायचा, परत यायचा. काका वाकून बघत होते. म्हणाले, "एवढ्याशा भोकानं तीन वेळा लुटलं?" भोकानं नाही लुटलं. तीन जणांपैकी कुणीच टॉर्च मारला नव्हता.

त्यात आणखी एक नुकसान झालं होतं. गॅस कमी असला की ऑइल नीट फिरत नाही आणि कॉम्प्रेसर कोरडा घासतो. काकांच्या कॉम्प्रेसरला आवाज लागला होता. पहिल्याच वेळी कंडेन्सर बदलला असता, तर तो वाचला असता. याचं मला आजही वाईट वाटतं. आणि लीक तपासायला कुणी ऑक्सिजनचं सिलिंडर जोडत असेल, तर गाडी तिथून काढा. ऑइल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होऊ शकतो.

आता गेजबद्दल, म्हणजे गॅसचा दाब मोजणाऱ्या मीटरबद्दल. बंद गाडीला गेज लावून "प्रेशर आहे, गॅस बरोबर आहे" असं सांगणारे भेटतात. घरचं सिलिंडर आठवा. अर्धं असलं काय, पाव असलं काय, शेगडीची आच तीच. आत थोडाही पातळ गॅस शिल्लक असेल, तर दाब फक्त तापमानावर ठरतो. 35 अंशांना आर-134ए साधारण 115 पीएसआय (दाब मोजण्याचं एकक) दाखवणारच, मग आत 200 ग्रॅम असो की 450. म्हणून राहिलेला गॅस मशीननं काढून घ्यायचा, व्हॅक्यूम मारायचं, म्हणजे पंपानं आतली हवा ओढून काढायची, आणि बोनेटखालच्या स्टिकरवर जेवढे ग्रॅम लिहिलेत तेवढेच वजन करून भरायचे. जास्त भरला तर कंडेन्सर पातळ गॅसनं तुंबतो, दाब चढतो आणि गारवा उलट कमी होतो.

चालू गाडीवर मात्र गेज बोलतं. त्यावर दोन बाजू दिसतात: लो साइड म्हणजे कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या गॅसचा दाब, हाय साइड म्हणजे कॉम्प्रेसरनं दाबून पुढे ढकललेल्या गॅसचा. दोन्ही बाजू कमी असतील तर गॅस गेलाय. लो साइड चढलेली आणि हाय साइड उतरलेली असेल, तर कॉम्प्रेसर दमलाय. लो साइड शून्याखाली जात असेल, तर एक्सपान्शन व्हॉल्व्ह (पातळ गॅस कूलिंग कॉइलमध्ये सोडणारं बारीक तोंड) किंवा ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारी डबी) चोक, म्हणजे तुंबलेला आहे. दोन्ही बाजू चढलेल्या असतील, तर उष्णता बाहेर पडत नाहीये.

या शेवटच्या प्रकाराचं उदाहरण देतो. एक टॅक्सीवाले भाऊ आले. हायवेला, कसारा घाटातसुद्धा गारवा मस्त, पण आपल्या नाशिकच्या द्वारका चौकातल्या सिग्नलला उभं राहिलं की गरम हवा. त्यांनाही कुणीतरी गॅस सांगितला होता. मी गाडी जागेवर चालू ठेवली आणि एसीच्या जाळीत थर्मामीटर खोचला. 19 अंश. मग कंडेन्सरवर झारीनं पाणी सोडलं. दोन-तीन मिनिटांत काटा 11 वर आला. निदान झालं! गाडी पळते तेव्हा वारा कंडेन्सर गार करतो, उभी राहिली की ते काम पंख्याचं. पंखा फिरत होता, पण मंद. वरच्या स्पीडचा रिले, म्हणजे पंख्याला वीज जोडणारा छोटा स्विच, गेला होता. सगळ्या दुरुस्तीत सगळ्यात स्वस्त वस्तू.

पंखा ठीक असूनही असंच होत असेल, तर कंडेन्सरच्या फटी बघा. सिन्नरच्या रस्त्याची धूळ, बागेतला पाचोळा, किडे, सगळं तिथे जाऊन बसतं. साध्या पाइपनं, हलक्या धारेनं धुवा. वॉशिंगचं प्रेशर जवळून मारलं की पत्रे मुडपतात आणि वाट कायमची बंद होते. आणि केबिन फिल्टर! अनेकांना तो आहे हेच ठाऊक नसतं. बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्समागे असतो. हवा गार आहे पण झोत कमी आहे, तर सगळ्यात आधी तो काढून बघा.

माझ्या व्यवसायातल्या तरुण पोरांसाठी एक गोष्ट. आमच्याकडे मुंबईत शिकून आलेला एक मुलगा व्हॅक्यूमच्या पंपाला दोष द्यायचा, "उस्ताद, गेज 28 इंचांपुढे जातच नाही." व्हॅक्यूम पाऱ्याच्या इंचांत मोजतात. मुंबई समुद्रकाठी आहे, तिथे पूर्ण व्हॅक्यूम तिशीच्या जवळ दिसतं. नाशिक सहाशे मीटर उंचीवर आहे, हवेचा दाबच इथे कमी. आपल्याकडे 28 च्या आसपास म्हणजे पूर्ण. पण तिथे पोचल्या पोचल्या पंप बंद करू नका. निदान अर्धा तास चालू द्या, म्हणजे आतला ओलावा उकळून बाहेर पडतो. मग बंद करून काटा हलतो का ते बघा. ओलावा राहिला तर व्हॉल्व्हच्या तोंडाशी बर्फ धरतो आणि गिऱ्हाईक सांगत येतं की एसी थोडा वेळ चालतो, मग थांबतो, मग परत चालतो.

मघाशी एका ताईंनी विचारलं, उन्हात तापलेल्या गाडीत बसल्यावर काय करायचं? काचा उघडा, मिनिटभर गाडी चालवा, आतली भट्टी बाहेर जाऊ द्या. मग काचा लावा आणि आतलीच हवा फिरवणारं बटण दाबा. एकदा गार केलेली हवाच पुन्हा गार करणं त्या हमालाला सोपं जातं.

दुसरा प्रश्न होता, थंडीत एसी पूर्ण बंद ठेवावा का? ठेवू नका. डिसेंबरात नाशकात एसीची आठवणही होत नाही, मान्य. पण कॉम्प्रेसरच्या शाफ्टचं सील ऑइलनं ओलं राहावं लागतं, आणि ऑइल तिथे गॅसबरोबरच पोचतं. चार महिने बंद राहिलं की सील सुकतं आणि मार्चमध्ये तुम्ही माझ्याकडे गॅस भरायला येता. आठवड्यातून एकदा दहा मिनिटं लावा. दुपारची वेळ धरा, कारण पहाटेच्या कडाक्यात काही गाड्यांचा कॉम्प्रेसर लागतच नाही.