पाण्याखालची शिरगणती

श्रोतेहो, नमस्कार.

नान्नजच्या माळावर यंदा माळढोक दिसला का, उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी किती उतरले, ही चौकशी आपल्या सोलापुरात आवडीने होते. पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर मचाणात बसून प्राणी मोजणारेही तुमच्यात असतील. आज मी सांगणार आहे ती मोजणी मात्र समुद्राच्या पाण्याखाली होते.

मालवणजवळ सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचा सुमारे २९ चौरस किलोमीटरचा परिसर १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. तिथल्या खडकांवर प्रवाळ आहेत आणि त्यांच्या कपारींत कितीतरी जातींचे मासे राहतात. जाहीर झाल्यापासून मासे वाढले की घटले, हे काठावर उभं राहून कसं कळणार? त्यासाठी पाण्यात उतरून मोजावंच लागतं.

मासे न पकडता, नुसते बघून मोजायची रीत व्हर्नन ब्रॉक यांनी १९५४ साली हवाईत मांडली. आजही मूळ पद्धत तीच आहे. तळावर पन्नास मीटरचा टेप अंथरायचा. माणसाला बुजून मासे पांगतात, म्हणून थोडा वेळ थांबायचं. मग टेपच्या दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर, एवढ्याच पट्ट्यातले मासे मोजत संथपणे पुढे सरकायचं. हातात प्लॅस्टिकची पाटी आणि साधी शिसपेन्सिल; पाण्यातही ती छान उमटते. आधी मोठे, चपळ मासे टिपायचे आणि परतताना अरुंद पट्ट्यातले चिमुकले. मागून येऊन पुढे गेलेला मासा मोजणीत धरायचा नाही. गड्ड्याच्या जत्रेत एकाच पोराने चारदा फेरी मारली तर आपण त्याला चार पोरं म्हणत नाही, तसंच हे.

खरी कसोटी ओळखण्याची. लक्षद्वीपच्या प्रवाळांत एम्परर एंजलफिश नावाचा मासा आहे. त्याचं पिल्लू गडद निळं, अंगावर पांढरी वलयं; मोठेपणी त्याच माशावर पिवळे पट्टे येतात. माहिती नसेल तर एका जातीच्या दोन जाती लिहिल्या जातात. शिवाय पाण्यात वस्तू जवळ आणि मोठी भासते. तीस सेंटिमीटरचा मासा चाळीसचा वाटतो. म्हणून नव्या पाणबुड्यांना ठरावीक लांबीचे लाकडी मासे पाण्यात दाखवून आधी नजर बसवून घेतात.

लांबीचा एवढा आग्रह का, तर हेकरू, म्हणजे ग्रूपर माशाचं उदाहरण घ्या. हेकरूच्या बहुतेक जाती आयुष्याची सुरुवात मादी म्हणून करतात आणि मोठ्या झाल्यावर त्यांतल्या काही नर होतात. मोठे हेकरू तेवढे पकडले गेले, तर डोकी भरपूर दिसतील, पण नर उरणार नाहीत. नुसत्या आकड्यात ही कमतरता दिसत नाही, लांबीच्या नोंदीत लगेच दिसते. मला तर वाटतं, जातींच्या लांबलचक यादीपेक्षा हा एक रकाना जास्त बोलका आहे.

फटींत दडणारे गोबी नावाचे चिमुकले मासे आणि दिवसा कपारीत झोपणारे निशाचर मासे या पद्धतीत निसटतात. ते मान्य करूनच मोजायचं. महत्त्वाचं हे, की अभयारण्याच्या आत आणि बाहेर, सारख्याच खोलीवर, दरवर्षी त्याच हंगामात मोजणी व्हावी. पावसाळ्यात कोकणचा समुद्र खवळलेला आणि गढूळ, तेव्हा हे काम पाणी निवळल्यावरच. एखादी जात दिसली नाही तर तिथे शून्य लिहायचं. रकाना कोरा सोडायचा नाही.

आणि हे आकडे कुठे जावेत? अभयारण्याच्या हद्दीची सर्वांत मोठी झळ बसते ती मच्छीमारांना. त्यांच्यापुढे हा तक्ता मराठीत यायला हवा, माशांच्या त्यांच्याच नावांनी: हेकरू, तांबोशी. कुठल्या खडकावर पूर्वी काय मिळायचं, हे त्यांना ठाऊक असतं. टेप कुठे अंथरायचा, हे ठरवतानाच त्यांना होडीत बरोबर घ्यावं, एवढी माझी कळकळीची मागणी आहे.

नमस्कार.